पाच शनिवार, १९०७

२६ ऑक्टोबर, २ नोव्हेंबर, ९ नोव्हेंबर, १६ नोव्हेंबर, २३ नोव्हेंबर. १९०७ सालचे हे पाच शनिवार. या पाच शनिवारी एका टीमने पाच मॅचेस खेळल्या, पेन्सिल्व्हेनिया, प्रिन्स्टन, हार्वर्ड, मिनेसोटा आणि शिकागो अशा क्रमाने, आणि पाचही घरापासून लांब, रेल्वेचा प्रवास करून. पाचातल्या चार जिंकल्या. त्या काळात अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये यापेक्षा अवघड महिना कोणाच्या वाट्याला आला असेल असं मला तरी वाटत नाही. आणि खरी गोष्ट पुढेच आहे, ही टीम कॉलेजची नव्हतीच मुळी. ती कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल नावाच्या एका सरकारी निवासी शाळेची टीम होती, जिथे मूलनिवासी जमातींच्या मुलांना अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस शिवणकाम, सुतारकाम, लोहारकाम, छपाई असलं शिकवायचे.

मी नोकरीसाठी पेन्सिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गला आलो तेव्हापासून कार्लाइल माझ्या रस्त्यावरचं गाव आहे, हायवेने अर्ध्या तासावर. इथे कोणाशीही या शाळेबद्दल बोला, पहिलं नाव जिम थॉर्पचं निघतं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं, आणि त्याच वर्षी आर्मीच्या, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या, टीमला २७-६ ने हरवलं ती मॅच, ज्यात समोरच्या बाजूला पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवर खेळत होता. गोष्ट भारीच आहे, वादच नाही. पण थॉर्पच्या उजेडात १९०७ ची टीम झाकली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आज रविवारी टीव्हीवर जो खेळ दिसतो, लांबवर फिरत जाणारा बॉल आणि त्याच्याखाली जीव तोडून पळणारा खेळाडू, तो मोठ्या गर्दीपुढे पहिल्यांदा नीट उभा केला तो या पोरांनी. थॉर्प १९०७ मध्ये टीममध्ये होता, पण बदली खेळाडू म्हणून.

आधी शाळेबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय या जिंकण्याचं वजन कळत नाही. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने कार्लाइलच्या जुन्या बराकींमध्ये ही शाळा काढली. मुलांना त्यांच्या मुलखातून हजार-हजार मैल लांब आणायचं, केस कापायचे, कपडे बदलायचे, नाव बदलायचं, आणि घरची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. मुलातला मूलनिवासी मारून टाकायचा आणि माणूस तेवढा वाचवायचा, अशा अर्थाचं प्रॅटचं १८९२ च्या भाषणातलं वाक्य आजही सगळीकडे सांगितलं जातं, आणि तो ते अभिमानाने बोलला होता. पहिल्या तुकडीत आलेल्या ल्यूथर स्टँडिंग बेअरने पुढे लिहून ठेवलंय की फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली होती, मुलांच्या हातात काठी दिली, आणि ज्या नावावर काठी टेकवली ते त्या मुलाचं नाव झालं. ती अक्षरं वाचता येत नव्हती कोणाला. लाकोटा लोकांत केस कापायचे ते कोणी गेल्यावर, शोक म्हणून, आणि इथे आल्या आल्या सगळ्यांचे केस कापले. त्या लहान पोरांना काय वाटलं असेल याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

शाळेची स्मशानभूमी अजून आहे. आता शाळेच्या जागी आर्मी वॉर कॉलेज आहे, पण कबरी रस्त्याच्या कडेलाच आहेत, कुंपणातून दिसतात. सैनिकांच्या असतात तसे पांढरे दगड, ओळीत, एकेकाळी एकशे ऐंशीच्या वर. दगडावर नाव आणि जमात, आणि काही दगडांवर नुसतंच 'अननोन'. मी गेलो होतो तेव्हा एका दगडावर कोणीतरी खेळण्यातली छोटी गाडी ठेवली होती, शेजारच्यावर शिंपले आणि नाणी. २०१७ पासून जमाती आपापल्या मुलांचे अवशेष परत नेतायत, आर्मीशी पत्रव्यवहार करून, एकेक करून. माझ्यासोबत माझी मुलगी होती, ती दगड वाचत वाचत पुढे जात होती आणि मला विचारत होती की ही मुलं कशाने गेली. क्षय होता, न्यूमोनिया होता, दाटीवाटीच्या खोल्या होत्या. तिला तेवढंच सांगितलं.

अशा शाळेत फुटबॉल.

प्रॅटला खरं तर हा खेळ नकोच होता. सुरुवातीला एका मॅचमध्ये एका मुलाचा पाय मोडला तेव्हा त्याने बाहेरच्या टीम्सशी खेळणं बंद करून टाकलं. मग मुलंच त्याच्या ऑफिसमध्ये गेली, चाळीसेक जण, त्यातला एक चांगला बोलणारा पुढे केला, आणि परवानगी मागितली. प्रॅटने शेवटी दोन अटींवर हो म्हटलं: समोरच्याने गुद्दा मारला तरी उलट मारायचा नाही, आणि दोन-चार वर्षांत देशातल्या सगळ्यात चांगल्या टीमला हरवून दाखवायचं. पहिली अट किती अवघड होती ते त्या काळचा खेळ माहीत असल्याशिवाय कळणार नाही. फुटबॉल म्हणजे तेव्हा एकमेकांना चिकटून घोळका करायचा आणि तो घोळका समोरच्यांच्या अंगावर घालायचा, तीन प्रयत्नांत जेमतेम पुढे सरकायचं, परत घोळका. ढिगाखाली काय चालायचं ते पंचांनाही दिसायचं नाही. १९०५ च्या एका सीझनमध्ये १८ पोरं मेल्याची मोजणी शिकागो ट्रिब्यूनने छापली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने त्याच वर्षी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितलं, काही कॉलेजांनी तर खेळ बंदच केला.

आणि पंच. १८९६ मध्ये कार्लाइल येलविरुद्ध खेळत होती, कार्लाइलचा एक खेळाडू ढिगातून सुटून थेट गोल लाइनपर्यंत पोचला, आणि पंचाने सांगितलं की मी आधीच शिट्टी वाजवली होती. टचडाउन, म्हणजे बॉल गोल लाइनपार नेल्याचे पॉइंट, रद्द. येल १२-६ ने जिंकली. तो पंच हिकॉक, येलचाच माजी खेळाडू, आणि त्या वर्षी तोच कार्लाइलचा कोचही होता! मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. पोरं मैदान सोडून जायला निघाली होती, प्रॅटने समजूत काढून परत पाठवली.

तर १९०६ मध्ये नियम बदलले. तीन प्रयत्नांत ५ ऐवजी १० यार्ड जायचे, आणि बॉल हाताने पुढे फेकायला परवानगी, म्हणजे फॉरवर्ड पास. पण ही परवानगी अशी की घ्यावीशी वाटू नये. बॉल जिथून सुरू झाला तिथून डावीकडे किंवा उजवीकडे कमीत कमी पाच यार्ड सरकूनच बॉलने दोन टीम्समधली लाइन ओलांडली पाहिजे. १९०७ च्या नियमाप्रमाणे पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात पास कोणालाही न लागता खाली पडला तर १५ यार्ड मागे, तिसऱ्यात पडला तर बॉल समोरच्यांचा. आणि पास झेलायला निघालेल्याला अडवायचं, ढकलायचं, पाडायचं, सगळं चालायचं. त्यामुळे मोठ्या कॉलेजांनी पासकडे फारसं लक्षच दिलं नाही, अडीअडचणीला एखादा टाकायचा, एवढंच. त्यांच्याकडे वजनदार पोरं होती, घोळका त्यांच्या सोयीचाच होता.

कार्लाइलकडे वजन नव्हतं. वेग होता. १९०७ मध्ये ग्लेन वॉर्नर, सगळे ज्याला 'पॉप' म्हणायचे तो, तीन वर्षं कॉर्नेलला राहून परत कार्लाइलला आला आणि त्याने या नव्या नियमावरच टीम बांधायची ठरवली. बॉल तेव्हा आजच्यापेक्षा जाडा, जवळपास कलिंगडासारखा, तो एका हातात मावायचा नाही, म्हणून बाकीचे लोक तो खालून उडवायचे किंवा दोन्ही हातांनी ढकलायचे. कार्लाइलच्या पोरांनी तो फिरवून फेकायला शिकून घेतला, स्पायरल, स्वतःभोवती गोल फिरत सरळ जाणारा. वॉर्नरने पुढे लिहिलंय की पोरांनी हे ज्या आवडीने उचललं ते बघण्यासारखं होतं. वॉर्नरला श्रेय आहेच, ते मी नाकारत नाही. पण कागदावर काढलेली रेघ आणि तीन जण अंगावर येत असताना त्या रेघेवर बॉल पोचवणं यात फरक आहे, आणि तो फरक पीट हाउझरचा आहे, शायेन जमातीचा, ओक्लाहोमाकडचा फुलबॅक, म्हणजे लाइनच्या मागे उभा राहणारा खेळाडू. त्याच्या जोडीला क्वार्टरबॅक, म्हणजे चाली ठरवणारा, फ्रँक माउंट प्लेझंट, टस्करोरा, न्यूयॉर्ककडचा, अंगाने बारीक आणि इतका चपळ की पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकला लांब उडीत उतरला. लाइनच्या कडेला एंड, म्हणजे पास झेलायला पळणारा, म्हणून अल्बर्ट एक्सेंडाइन, लेनापे, ज्याने कार्लाइलला येईपर्यंत फुटबॉल खेळलेला नव्हता, आणि दुसऱ्या कडेला विल्यम गार्डनर. कॅप्टन अँटोनिओ ल्यूबो.

सुरुवातीच्या मॅचेस भराभर सांगतो: लेबनन व्हॅली ४०-०, व्हिलानोव्हा १०-०, सस्कहॅना ९१-०, पेन स्टेट १८-५, सिराक्यूज १४-६, बकनेल १५-०. ठीक आहे, हरवायलाच हवं होतं त्यांना.

मग २६ ऑक्टोबर, फिलाडेल्फिया, फ्रँकलिन फील्ड. वीस हजारांच्या वर लोक. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची टीम, म्हणजेच 'पेन', त्या वर्षी १२ मॅचेस खेळली आणि ११ जिंकली, यावरूनच ओळखा. मॅच सुरू होऊन थोडाच वेळ झालाय, बॉल हाउझरकडे आलाय, तो पुढे न जाता आडवा पळतोय, पाच यार्डांचा नियम आहे ना, आणि पेनच्या लोकांना वाटतंय की हा कडेने पळायला बघतोय म्हणून ते सगळे त्याच्यावर धावतायत, आणि एवढ्यात तो थांबतो, हात मागे नेतो, आणि बॉल त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे, चाळीसेक यार्ड, पळत्या एंडच्या हातात. एवढा लांब पास तिथल्या लोकांनी कधी पाहिलेलाच नव्हता. आणि खरा घाव त्यानंतरचा होता, कारण त्या एका पासनंतर पेनच्या लोकांना प्रत्येक वेळी थांबून विचार करावा लागत होता की हा पळणार, का फेकणार, का किक मारणार, आणि जो विचार करायला थांबला त्याच्या बाजूने कार्लाइलचा कोणीतरी निघून जात होता. याच मॅचमध्ये पेन नावाचा कार्लाइलचा खेळाडू (हो, आडनाव तेच, उच्चार तोच) जखमी झाला आणि त्याच्या जागी जिम थॉर्प आत आला. स्कोअर २६-६. पेनची त्या वर्षातली एकमेव हार.

पुढच्या शनिवारी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर प्रिन्स्टन, आणि पाऊस. ओला, चिखलाने माखलेला बॉल फिरवून फेकता येत नाही. ०-१६. पूर्ण सीझनमधली ही एकच हार. काही लोक म्हणतात पाऊस नसता तर वगैरे, पण प्रिन्स्टनही त्याच पावसात खेळली, मी ती हार हार म्हणूनच धरतो.

पण हरून सातच दिवसांत हार्वर्ड! हार्वर्डला कार्लाइलने तोवर कधीच हरवलं नव्हतं. १९०३ मध्ये तर जर्सीच्या पाठीत बॉल लपवून पळायची ती प्रसिद्ध ट्रिक केली, पूर्ण मैदान हार्वर्डची पोरं बॉल शोधत फिरली, आणि तरीसुद्धा मॅच गेली ११-१२ ने, एका पॉइंटने. चार वर्षांनी त्याच हार्वर्डच्या घरी कसलीही लपवाछपवी न करता २३-१५. माउंट प्लेझंट त्या दिवशी कोणाच्याच हाती लागला नाही. या एका निकालासाठी मला ती टीम आवडते असं म्हटलं तरी चालेल.

मिनेसोटा १२-१०, काठावर. आणि २३ नोव्हेंबरला शिकागो, वेस्टर्न कॉन्फरन्सची, म्हणजे मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांच्या गटाची, विजेती टीम, कोच अमोस अलोन्झो स्टॅग, त्या काळातलं सगळ्यात हुशार डोकं. स्टॅगने कार्लाइलचा अभ्यास केला होता. त्याने आपल्या लोकांना सांगून ठेवलं होतं की एक्सेंडाइन आणि गार्डनर लाइनवरून निघाले की त्यांना पाडायचं, प्रत्येक वेळी, बॉल कुठेही असो. नियमात बसत होतं. एक्सेंडाइन उठायचा, पळायचा, पडायचा. शेवटी तो वैतागला आणि त्याने हाउझरला सांगितलं की बॉल जरा जास्त वेळ धरून ठेव. पुढच्या वेळी तो पुढे पळालाच नाही, तो सरळ मैदानाच्या बाहेर गेला, शिकागोच्या बेंचच्या मागून पळत पुढे निघाला, आणि लांबवर जाऊन परत मैदानात शिरला. त्याला पाडायला नेमलेली माणसं तो बाहेर गेला म्हणून त्याला सोडून बसली होती. इकडे हाउझर अंगावर येणाऱ्यांना चुकवत चुकवत बॉल धरून उभा, आणि मग तो लांब पास, एक्सेंडाइन एकटा, आजूबाजूला कोणी नाही. टचडाउन. आपल्या कबड्डीत लाइनबाहेर पाय गेला की गडी बाद, पण इथल्या नियमात तेव्हा असं काही लिहिलेलंच नव्हतं, नंतर लिहावं लागलं. हाउझरने त्या दिवशी तीन फील्ड गोल (किक मारून बॉल गोलच्या खांबांमधून घालवायचा) मारले, तेव्हा एकाचे ४ पॉइंट, म्हणजे १२, वर टचडाउनचे ५ आणि त्यानंतरच्या किकचा १. १८-४. शिकागोची त्या सीझनमधली एकमेव हार.

११ मॅचेस, १० विजय, २६७ पॉइंट केले, ६२ दिले.

मला खूप दिवस छळणारा प्रश्न असा की हे जिंकणं नक्की कोणाचं? शाळेने ते लगेच आपलं म्हणून वापरलं. बघा, आम्ही यांना कसं घडवलं, हार्वर्डच्या बरोबरीला आणून ठेवलं. वर्तमानपत्रांनी उलट केलं, हेडलाइनमध्ये टोमाहॉक (मूलनिवासींची कुऱ्हाड) आणि कत्तल, जणू मैदानावर बॉल नाही तर युद्धच चाललंय. दोन्हीकडे पोरं नव्हतीच. आणि तिकिटाचा पैसा, जो भरपूर होता कारण ही टीम जाईल तिथे मैदान भरायचं (म्हणून तर घरी क्वचितच खेळायचे), तो अ‍ॅथलेटिक फंडात जायचा. त्यातून शाळेत बांधकामं झाली, वॉर्नरचं घर झालं. खेळाडूंना गावातल्या दुकानातून सूट आणि ओव्हरकोट मिळायचा.

काही जण म्हणतात की मग हा पूर्ण खेळच त्या शाळेच्या यंत्रणेचा भाग, त्यात अभिमान कसला. मला हे पटत नाही. ती शाळा मुलांना सांगत होती की जे काही चांगलं आहे ते आमच्याकडे तयार आहे, तुम्ही फक्त उचला आणि तसे व्हा. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मैदानावर झालं ते नेमकं उलट. खेळ गोऱ्या कॉलेजांचा, नियमही त्यांनीच केलेले, आणि त्या खेळात पुढे काय करता येईल ते या पोरांनी त्यांना दाखवलं. जे कार्लाइलने शिकवलं नव्हतं, कोणाकडे शिकवायला नव्हतंच, ते त्यांनी केलं. बेंचच्या मागून पळायची कल्पना एक्सेंडाइनला मैदानावर, अंगाला माती लागलेली असताना सुचली. म्हणून माझं उत्तर पक्कं आहे, ते जिंकणं त्या पोरांचं होतं, शाळेचं नव्हतं. आणि ती मुकाट्याने सगळं सहन करणारीही नव्हती. पुढच्या टीमच्या गस वेल्शने शेकडो विद्यार्थ्यांच्या सह्या जमवून तक्रार केली, १९१४ मध्ये संसदेची चौकशी समिती कार्लाइलला आली, पैशांचे हिशेब उघडे पडले, वॉर्नरच्या वागण्याबद्दल खेळाडूंनी स्वतः साक्षी दिल्या. सुपरिंटेंडेंटला जावं लागलं, त्या सीझननंतर वॉर्नरही गेला. १९१८ मध्ये शाळाच बंद झाली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक जाहीर झाली.

एक गोष्ट मात्र अजून खटकते. फॉरवर्ड पास कुठून आला असं विचारलं की सर्रास १९१३ सांगतात, नोत्र दाम विद्यापीठाने वेस्ट पॉइंटला जाऊन आर्मीला ३५-१३ ने हरवलं ती मॅच, डोरेसने फेकलं आणि रॉकनीने झेललं. चांगलीच मॅच होती ती. पण त्याला सहा वर्षं आधी हे सगळं फिलाडेल्फियात, हार्वर्डमध्ये, शिकागोत होऊन गेलं होतं, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत, पेपरात छापून. पहिला पास कार्लाइलचा नव्हता, तो १९०६ मध्ये सेंट लुईस विद्यापीठाच्या टीमने टाकला होता आणि ते मान्य करायलाच हवं. पण पासवर पूर्ण खेळ उभा करून देशातल्या मोठ्या टीम्सना एकामागून एक हरवणं, त्याचं साल १९०७ आहे.

हाउझर, माउंट प्लेझंट, एक्सेंडाइन ही नावं आमच्या ऑफिसात फुटबॉलवर तासन्‌तास बोलणाऱ्या पोरांनाही माहीत नव्हती. आता आहेत, मी सोडत नाही. माउंट प्लेझंट कार्लाइलमधल्याच डिकिन्सन कॉलेजमधून १९१० मध्ये पदवीधर झाला आणि पुढे कोच झाला. एक्सेंडाइनने डिकिन्सनमधून कायद्याची पदवी घेतली, आणि १९१४ पासून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात नऊ सीझन कोच म्हणून काढले. तिथल्या गोऱ्या पोरांना फुटबॉल शिकवायला कार्लाइलचा लेनापे एंड होता.